जेस फिशलॉकची ओळख फक्त वयाने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेल्सची फुटबॉलपटू जेस फिशलॉक राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्याची बातमी आपल्या क्रीडापानावर अगदी थोडक्यात आली. त्यातही भर तिच्या वयावर: ‘महिलांच्या युरो (युरोपीय राष्ट्रांच्या) स्पर्धेत गोल करणारी सर्वांत वयस्कर खेळाडू’. विक्रम खरा आहे. पण ९ जुलै २०२५ रोजी सेंट गॅलनमध्ये फ्रान्सविरुद्ध केलेला तो गोल वेल्सच्या महिला संघाचा मोठ्या स्पर्धेतला पहिलावहिला गोल होता. ऑफसाइडचा झेंडा वर गेला होता, मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून केलेल्या फेरतपासणीने, गोल दिला आणि काही मिनिटे बरोबरी झाली. वेल्सने पुढे तो सामना ४-१ असा गमावला, गटातले तिन्ही सामने गमावले. तरीही त्या गोलाचे मोल कमी होत नाही.

वेल्समध्ये १९२२ साली महिलांच्या फुटबॉलवर बंदी आली आणि ती उठायला १९७० उजाडले. महिला संघाला वेल्सच्या फुटबॉल संघटनेने आपल्या पंखाखाली घेतले ते १९९३ मध्ये. कार्डिफमध्ये १९८७ साली जन्मलेल्या या मुलीला खेळावर पोट भरायचे तर घर सोडणे भागच होते. आधी ती नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारकडे गेली, मग ब्रिस्टलला. अमेरिकेत २०१३ मध्ये नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्याच हंगामापासून ती सिएटलच्या रेन संघात होती. अमेरिकेतला हंगाम संपला की इतर खेळाडू विश्रांती घेत, ही मात्र ग्लासगो, फ्रँकफर्ट, मेलबर्न अशी कुठे ना कुठे खेळतच असे. मेलबर्न सिटीला तर तिने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत विजेतेपद मिळवून दिले. फ्रँकफर्ट (२०१५) आणि लिऑन (२०१९) यांनी चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली, त्या दोन्ही हंगामांत ती त्यांच्याकडून खेळली होती.

२०१९ मध्येच गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झालेली अशी दुखापत अनेकींची कारकीर्द संपवते. फिशलॉक २०२१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, अमेरिकन लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली! मला तिच्या सगळ्या पराक्रमांत हा सर्वांत मोठा वाटतो.

आणि जगभर खेळूनही देशाच्या जर्सीसाठी ती दरवेळी परत येत राहिली. वेल्सकडून १०० सामने खेळणारी पहिली व्यक्ती तीच, २०१७ मध्ये. पुरुषांपैकी ख्रिस गंटर तिथे २०२१ मध्ये पोहोचला. वेल्सच्या पुरुष संघाच्या गॅरेथ बेलचे ४१ गोल आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असतात, पण फिशलॉकने २०२४ मध्येच ४५वा गोल करून वेल्सचा सर्वकालीन विक्रम आपल्या नावावर केला, हे किती जणांना ठाऊक आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये विश्वचषक प्रवेशासाठीच्या प्लेऑफमध्ये बोस्नियाविरुद्ध जादा वेळेत तिने हवेतल्या हवेत मारलेल्या गोलाने कार्डिफचे मैदान दणाणले होते. पाचच दिवसांनी स्वित्झर्लंडने शेवटच्या क्षणी विश्वचषकाचे दार बंद केले. युरोचे दार उघडायला डिसेंबर २०२४ची, आयर्लंडला हरवल्याची, डब्लिनमधली रात्र यावी लागली.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल सामन्यांना गर्दी करणारे आम्ही वाचक परदेशी फुटबॉलही आवडीने वाचतो. पुरुष खेळाडू निवृत्त झाला की आपण अर्धे पान देता. फिशलॉकवरही तेवढाच सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. क्लबकडून ती अजून खेळते आहे, त्यामुळे उशीर झालेला नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर