चाकुलियाच्या धावपट्टीची नोंद व्हावी

महोदय,

मुंबईहून हावड्याला जाताना टाटानगरनंतर चाकुलिया हे छोटे स्थानक लागते. त्या गावाजवळ दुसऱ्या महायुद्धातील हवाई तळाची लांबलचक धावपट्टी आजही पडून आहे. असे बेवारस तळ पाहण्याची ओढ अलीकडे तरुणांत वाढली असून आमच्या जमशेदपूरहूनही मुले तिकडे जातात, हे मला मनापासून आवडते. पण तिथे एक साधा माहितीफलकही नसल्याने बहुतेकांना ती केवळ छायाचित्रे काढण्याची ओसाड जागा वाटते, याचे फार वाईट वाटते.

अमेरिकेचे बी-२९ हे अजस्र बॉम्बफेकी विमान भारतात पहिल्यांदा उतरले, ते २ एप्रिल १९४४ रोजी याच धावपट्टीवर. चाकुलिया, खरगपूरजवळचे सलुवा, पियारडोबा अशा तळांवरून निघालेल्या विमानांनी ५ जूनला बँकॉकच्या रेल्वे कारखान्यांवर हल्ला केला आणि दहाच दिवसांनी चीनमधील चेंगडूमार्गे जपानच्या यावाता येथील पोलाद कारखान्यावर. त्यासाठी लागणारे इंधनसुद्धा हिमालय ओलांडून विमानांनीच चीनमध्ये न्यावे लागे, आणि इथल्या उन्हाळ्यात त्यांची इंजिने तापून निकामी होत. या मोहिमेचे मुख्यालय होते खरगपूरजवळच्या हिजलीच्या बंदीछावणीत. १९३१ मध्ये जिथे राजबंद्यांवर गोळीबार झाला आणि १९५१ मध्ये जिथे देशातील पहिली आयआयटी सुरू झाली, तीच ही वास्तू. तिथे शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे सांगितले गेले असेल?

आज चाकुलियाच्या काँक्रीटच्या भेगांतून गवत वाढले आहे, गुरे चरतात आणि हत्तींचे कळपही तिथे मुक्काम करतात. डोक्यावर पाट्या वाहून हे तळ उभारणाऱ्या हजारो भारतीय मजुरांची, त्यांतील स्त्रियांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. ज्यांनी आईवडिलांकडून त्या कामाच्या हकिकती ऐकल्या, ती पिढीही आता थकली आहे.

जाणाऱ्यांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की सगळेच जुने तळ मोकळे नाहीत. पश्चिम बंगालमधील दूधकुंडी हा त्यांपैकीच एक तळ आता हवाई दलाचे सराव क्षेत्र आहे. तिथे पाऊल टाकणे जिवावर बेतू शकते.

झारखंड आणि पश्चिम बंगाल सरकारांनी पुरातत्त्व खात्याकरवी या धावपट्ट्यांचे मोजमाप करून नकाशे तयार करावेत, आसपासच्या संथाळ गावांतील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात आणि चाकुलियाला मजुरांचा उल्लेख असलेला फलक लावावा, ही विनंती.

– एक वाचक, जमशेदपूर