भूत दिसले ते कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या उपनगरातील एका वाचनालयाने भयकथा आणि गूढकथांचे कपाट बालविभागापाठोपाठ महाविद्यालयीन सभासदांसाठीही बंद केले असून, अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते असे कारण दिले आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे मी मनापासून समर्थन करते आणि म्हणूनच हे कारण मला पटत नाही. भोंदूबाबा भुताची भीती घालून पैसे उकळतो. चांगला कथाकार ते भूत कोणाला दिसले आणि त्यालाच का दिसले, याचा विचार करायला लावतो.

एडगर ॲलन पो यांच्या १८४३ मधील 'द टेल-टेल हार्ट' या कथेत खुनी निवेदक प्रेत फळ्यांच्या जमिनीखाली दडवतो. चौकशीला आलेले पोलीस निवांत गप्पा मारत बसतात आणि याच्या कानांत मात्र मेलेल्या म्हाताऱ्याच्या काळजाचे ठोके वाढत जातात, इतके की शेवटी तो स्वतःच गुन्हा ओरडून कबूल करतो.

शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ मधील 'द यलो वॉलपेपर' ही कथा तर मला विसरताच येत नाही. बाळंतपणानंतर खचलेल्या बायकोला डॉक्टर नवरा विश्रांतीच्या नावाखाली माडीवरच्या खोलीत ठेवतो, तिचे लिहिणे बंद करतो आणि तिने खोली बदलून मागितली तर ते हसण्यावारी नेतो. मग तिला भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड कोंडलेली, नक्षी गदागदा हलवणारी एक बाई दिसू लागते. नवऱ्यापुढे जे हिला बोलता येत नाही, ते त्या बाईच्या धडपडीतून वाचकापर्यंत पोहोचते. गिलमन यांनी १८८७ मध्ये असाच उपचार स्वतः सोसला होता.

ही कथा वाचताना मला गिरगावातल्या आमच्या चाळीतील एक बाळंतीण आठवली. तिला बाहेरची बाधा झाली म्हणून घरच्यांनी अंगारे-धुपारे केले; तिच्या मनात काय चालले आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. त्या वेळी एखाद्या तरी शेजारणीने अशी कथा वाचलेली असती, तर तिने अंगारा आणण्याआधी तिच्याजवळ बसून विचारपूस केली असती, असे मला आजही वाटते.

रत्नाकर मतकरी यांनी तर गूढकथा आपल्या ओळखीच्या मध्यमवर्गीय घरांत आणून ठेवली, आणि नेमक्या त्याच कथा आज कुलपात आहेत. वाचनालयाने ते कपाट उघडावे आणि महिन्यातून एकदा यांपैकी एखाद्या कथेवर तरुण सभासदांशी चर्चा ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, मुंबई