मुलांच्या हाती लॉगबुक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

क्रूझवर मुलांकडून रोज डायरी लिहून घ्यायची असं तू ठरवलं आहेस, ते उत्तमच. पण ‘रोज एक पान प्रवासवर्णन लिहा’ असं सांगशील तर काय होईल ते आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी दोन पानं, दुसऱ्या दिवशी सहा ओळी, तिसऱ्या दिवशी ‘आज खूप मज्जा आली’ आणि चौथ्या दिवशी वही बॅगेच्या तळाशी. यात मुलांचा आळस नसतो. जहाजावर दिवसभरात इतकं काही चालू असतं की त्यातलं काय लिहावं हेच त्यांना उमगत नाही. मग निबंधातलं पाठ झालेलं वाक्य लिहायचं आणि सुटायचं.

त्यापेक्षा त्यांना लॉगबुक ठेवू दे, जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, अधिकारी ठेवतात तसं. तारीख, वेळ, जागा, वेग, वारा, समुद्र. आधी आकडे, मग जमलं तर वाक्य. समोर रिकामा रकाना असला की मूल अडून बसत नाही, आणि आकडा लिहिताना एखादं वाक्य आपोआप सुचतं. नाही सुचलं तरी त्या दिवसाची नोंद पक्की झालेली असते.

वही दोघांची वेगवेगळी हवी. एकाच वहीत दोघांनी लिहायचं म्हटलं की ईरा मालकीण होते आणि धाकटा नुसता बघत बसतो. आकार ए-५, कागद कोरा, निदान १२० जीएसएमचा म्हणजे जाडसर, आणि बांधणी स्पायरलची. शिवलेल्या वहीत तिकिटं, नकाशे चिकटवले की ती फुगते आणि मिटतच नाही. स्पायरल जाड झाली तरी सपाट उघडते, डेकवर मांडीवर धरायलाही सोपी. पानं मोजून घे. सात रात्रींच्या सफरीला आठ दिवस धरायचे, दिवसाला दोन पानं म्हणजे सोळा, सुरुवातीच्या नकाशाला आणि याद्यांना सहा-आठ. चाळीस पानांची वही पुष्कळ झाली. दोनशे पानांची देऊ नकोस. निम्म्याहून कोरी राहिलेली वही पाहिली की मुलांना आपण काम अर्धवट टाकलं असं वाटत राहतं.

रकाने घरीच आखून ने. जहाजावर बसून फुटपट्टीने रेघा मारायला कुणालाही सवड होत नाही. लिहायला साधं बॉलपेन किंवा २बी पेन्सिल. जेल पेन नको. दमट हवेत त्याची शाई लवकर वाळत नाही आणि तळहात लागून अख्खी ओळ फराटते. सोबत गोंदाची कांडी, शार्पनर, छोटी रंगपेटी आणि पाणी भरायचा ब्रश, म्हणजे पेला सांडायची भानगड नाही. कात्री बोथट टोकाची, लहान पात्याची घे. पातं लांब असलं तर जहाजावर चढताना तपासणीत काढून ठेवतात. हे सगळं हातातल्या पिशवीतच असू दे. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि केबिनच्या दारात यायला कधी कधी संध्याकाळ होते. वही त्यात अडकली तर पहिला दिवस, म्हणजे जहाज धक्का सोडतानाचा दिवस, कोराच जातो.

आता खरं काम. रोज दुपारी बाराची नोंद ठरवून टाक. दुपारी बाराला जहाजाची जागा नोंदवायची रीत जुनी आहे, आणि पुष्कळ जहाजांवर त्याच सुमाराला कप्तान ध्वनिक्षेपकावरून जागा, वेग आणि हवामान सांगतो. नाही सांगितलं तरी बहुतेक जहाजांवर केबिनच्या टीव्हीवर एक नकाशाची वाहिनी असते. तिथे अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि वारा दिसतो. ईरा नऊ वर्षांची आहे, ती हे आकडे स्वतः उतरवू शकते. नकाशा मात्र घरूनच छापून ने. ए-४ कागदावर तुमचा सगळा मार्ग मावेल असा, आणि निदान दर दोन अंशांना रेघ असलेला. फोनच्या भरवशावर राहू नकोस. भर समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क लागलं की रोमिंगचं बिल भलतंच येतं, म्हणून फोन विमान मोडवरच ठेवायचा. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर जीपीएस तरीही चालतं, पण उघड्या डेकवर. लोखंडी केबिनच्या आत ते बऱ्याचदा चाचपडतं.

नकाशावर ठिपका देताना एक चूक हमखास होते. टीव्हीवर ३८ अंश ४५ मिनिटं दिसतं आणि मूल ते ३८.४५ समजून ठिपका देतं. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण अंश, ठिपका ३८ आणि ३९ च्या मध्ये पाऊण वाटेवर पडायला हवा. घड्याळाचं उदाहरण दिलंस की तिला लगेच कळेल.

दोन दिवसांचे दोन ठिपके झाले की अंतर मोजता येतं. कागदाची पट्टी दोन्ही ठिपक्यांवर ठेवून खुणा करायच्या आणि ती पट्टी नकाशाच्या उभ्या कडेवर, म्हणजे अक्षांशांच्या मापावर, तुमच्या ठिपक्यांच्याच पातळीला लावायची. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आडव्या कडेवर लावली तर उत्तर चुकतं, कारण विषुववृत्तापासून दूर जावं तसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात. मग टीव्हीवरच्या वेगाशी ताळा करायचा. २० नॉटचा, म्हणजे तासाला २० सागरी मैलांचा, वेग असेल तर चोवीस तासांत ४८० सागरी मैल, म्हणजे सुमारे ८८९ किलोमीटर. पट्टीचं उत्तर त्याहून कमी आलं तर जहाज वळसा घालून गेलं असेल किंवा रात्री वेग कमी केला असेल. कुठे, कशासाठी, याचा शोध घ्यायला मुलांना फार आवडतं. एखाद्या रात्री घड्याळ एक तास मागे घ्यायला सांगतात, तेव्हा दुपार ते दुपार पंचवीस तास भरतात, हेही ताळ्यात धरायचं. घड्याळ का बदलतं ते त्याच हिशेबातून समजवता येईल. विषुववृत्तावरून सरळ पश्चिमेला ४८० सागरी मैल म्हणजे आठ अंश रेखांश, आणि एका अंशाला घड्याळाची चार मिनिटं. एका दिवसात बत्तीस मिनिटांचा फरक.

वाऱ्याचा रकाना मला सगळ्यात आवडतो, कारण तो डोळ्यांनी भरायचा असतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये मांडलेली शून्य ते बाराची श्रेणी आजही वापरात आहे. मुलांच्या वहीत पहिल्या सहा-सात पायऱ्या लिहून दे, पुढच्या बघायची वेळ न येवो. पाणी आरशासारखं तर ०. माशाच्या खवल्यांसारख्या बारीक सुरकुत्या, फेस नाही, तर १. छोट्या लाटा, पण माथा फुटत नाही, तर २. माथे फुटायला लागले, कुठे कुठे पांढरा फेस, तर ३. बऱ्याच ठिकाणी फेस, तर ४. जिकडे तिकडे फेसाळ माथे आणि लाटा लांबट, मधूनच तुषार, तर ५. मोठ्या लाटा उठू लागल्या, फेसाचे माथे पसरट झाले, तर ६.

मात्र वारा तोंडावर घेऊन आकडा ठरवायचा नाही. जहाज २० नॉटने चाललं असेल तर हवा पूर्ण स्तब्ध असूनही डेकवर २० नॉटचा वारा लागतो, टोप्या उडतात, आणि मुलं बिनधास्त ५ लिहून मोकळी होतात. उलट वारा पाठीमागून तेवढ्याच वेगाने येत असेल तर डेकवर पान हलत नाही आणि खाली समुद्र मात्र फेसाळलेला. म्हणून पाण्याकडे बघून लिहायचं, तेही जहाजाने कापलेल्या पाण्यापासून दूर बघून. जहाजाच्या कडेचा फेस जहाजाने केलेला असतो, वाऱ्याने नव्हे.

धाकट्याला आकडे जमणार नाहीत. त्याला समुद्राच्या रंगाचा चौकोन दे. रोज एकाच वेळी, सूर्याकडे पाठ करून, खाली पाण्यात बघायचं आणि दोन सेंटिमीटरचा चौकोन त्या रंगाने भरायचा. दूरवर बघितलं की दिसतो तो निम्मा आकाशाचा रंग, ढग आले की करडा. खाली बघितलं तर पाण्याचा. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेतं म्हणून खोल समुद्र गर्द निळा. सूक्ष्म वनस्पती जास्त असल्या की हिरवट, नदीच्या मुखाजवळ गाळाने मातकट. सफर संपेपर्यंत त्याच्याकडे आठ चौकोनांची एक ओळ तयार होते आणि बंदर कुठे जवळ आलं होतं ते त्या ओळीतून वाचता येतं. मात्र रंगवायला त्याला केबिनमध्ये आण. कठड्यापाशी रंगपेटी आणि सुटे कागद घेऊन उभं राहू देऊ नकोस. एक झुळूक आली की पान समुद्रात. कचरा समुद्रात जाऊ देण्याबाबत जहाजांवर नियम कडक असतात, आणि ते बरोबरच आहे.

धाकटा पाच वर्षांचा, त्याचं बोलणं तू लिहून घे, पण त्याच्याच शब्दांत. ‘जहाज पाण्याला फाडतं’ असं तो म्हणाला तर तेच लिही, ‘पाणी कापतं’ असं सुधारून नको. ईराचं शुद्धलेखनही तपासू नकोस. ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवलंस की ती फक्त येणारेच शब्द लिहायला लागेल. लिहायला विषय मागितला तर मोठा प्रश्न विचारायचा नाही. ‘आज कसं वाटलं?’ याला उत्तर ‘छान’ हेच येतं. ‘आज कुठला आवाज पहिल्यांदा ऐकलास?’, ‘तुझ्या टेबलावर वाढणाऱ्या काकांच्या बिल्ल्यावर कुठला देश लिहिलाय?’ असं विचारलं की ओळी येतात. कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर पुष्कळदा नावासोबत देश असतो. त्या देशांची यादी हे एक स्वतंत्र पान होऊ दे. त्यांच्याशी गप्पा मारायच्या असतील तर जेवणाच्या गर्दीत नको, दुपारी निवांत असताना, आणि फोटो विचारूनच.

दिवसातली लिहायची वेळ रात्रीच्या जेवणाआधीची, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जेवणानंतर कुणीही लिहीत नाही. बंदराच्या दिवशी तर मुलं पेंगलेलीच परततात. त्या दिवशी खिशात एक छोटी टिपणवही असावी आणि तीत तीनच गोष्टी: काय पाहिलं, काय खाल्लं, काय विचित्र वाटलं. पूर्ण नोंद पुढच्या सागरी दिवशी, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असेल तेव्हा. त्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर जहाजावर परतायची शेवटची वेळ मोठ्या अक्षरात, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्थानिक वेळ दाखवायला लागतो, आणि ती जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. दोघांपैकी एका मुलाला वेळराखणीचं काम दे.

बोट लागत असेल त्या दिवशी लिखाण बंद. मान खाली घालून जवळच्या अक्षरांकडे बघितलं की डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल म्हणतो सगळं हलतंय. उमळून येतं ते त्यामुळेच. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी बसतात. तिथे खिडकीपाशी बसून क्षितिजाकडे बघत मुलांनी बोलायचं आणि फोनवर आवाज टिपून ठेवायचा. नंतर त्यातल्या दोन ओळी वहीत.

चिकटवायचं काय? रोजच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका, बंदरांचे नकाशे, बसची तिकिटं. काही जहाजांवर पत्रिका आता फक्त अॅपवर असते. छापील हवी असेल तर रिसेप्शनवर विचार. पावत्या जशाच्या तशा चिकटवू नकोस. उष्णतेवर छापलेल्या असतात, उजेडाने आणि गरमीने अक्षरं उडून जातात. फोटो काढून तो छापून लाव. शंख, शिंपले, प्रवाळ, वाळू, पानंफुलं मात्र वहीत नकोत. पुष्कळ देश झाडपाला आणि माती आत येऊ देत नाहीत, आणि इटलीतल्या सार्डिनिया बेटावर तर २०१७ पासून वाळू किंवा शिंपले उचलले तर ५०० ते ३,००० युरो दंड आहे. मुलांनी तिथेच बसून शिंपल्याचं चित्र काढावं, मोजमाप लिहावं. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, लोहचुंबकाचे चार तुकडे नेलेस तर ओली चित्रं वाळेपर्यंत भिंतीला लावता येतील.

वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं पहिलं नाव आणि तुझा ईमेल एवढंच. केबिनचा क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक अजिबात नाही. वही डेकवर विसरली की ती कुणाच्याही हाती पडते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट बंदरावर मिळतात. आवरताना वह्या त्यात जातात आणि सकाळची शेवटची नोंद, बंदरात शिरताना वाट दाखवणाऱ्या पायलटला घेऊन पायलट बोट जवळ येते ती, राहून जाते. म्हणून रात्रीच वह्या आणि पेन्सिली पाठपिशवीत घाल. केबिनचं कार्ड मुलांना वहीत लावायचं असेलच, पण उतरताना धक्क्यावर ते पुन्हा तपासतात. तोवर गोंदाची कांडी तुझ्याकडेच ठेव.

तुझी,
आई