सिन्नर दगडखाण सहल (खनिजांचे स्फटिक गोळा करायला) : येणाऱ्या सभासदांसाठी

रविवारी पहाटे 5.30 ला ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून गाडी सुटेल. थांबणार नाही.

आधी सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय पाहायचं आहे. नवख्या भागात नजर तयार नसली की पांढरा कॅल्साइट आणि स्टिलबाइट या दोन खनिजांत गल्लत होते. स्टिलबाइटचे स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे, टोकांना पसरलेले दिसतात. कॅल्साइट लोखंडी खिळ्याने सहज ओरखडतो.

खाणमालकाची परवानगी घेतली आहे, ती फक्त त्या एका खाणीपुरती. शेजारच्या खाणीत किंवा वनखात्याच्या जमिनीवर कुणीही शिरायचं नाही. उभ्या कड्याखाली जायचं नाही. सुरुंगाने सैल झालेले दगड कधीही सुटतात. आपलं काम मोकळ्या जागेतल्या मलब्यात, तिथेच माल मिळतो.

दगडात स्फटिकांची पोकळी दिसली की लगेच घाव घालू नका. अपोफिलाइट हे खनिज एका दिशेने सरळ चिरतं, हादरा बसला की टोक उडालंच म्हणून समजा. पोकळीपासून वीतभर लांब, बेसॉल्टवर (भोवतीच्या काळ्या दगडावर) छिन्नी धरून हलके ठोके द्या. स्कोलेसाइट या खनिजाच्या सुईसारख्या स्फटिकांना तर बोटही लावू नये.

किलोभराचा हातोडा, छिन्नी, हातमोजे, जाड तळाचे बूट, तीन लिटर पाणी. हेल्मेट आणि गॉगल नसेल त्याला खाणीत सोडणार नाही. बेसॉल्टची कपची काचेसारखी उडते.

टिश्यू, वर्तमानपत्र, प्लास्टिकचे डबे भरपूर आणा. प्रत्येक नमुन्यासोबत जागा आणि तारखेची चिठ्ठी तिथेच घाला. घरी व्हिनेगर किंवा ॲसिडने धुऊ नका, कॅल्साइट विरघळतो.

नावं गुरुवार रात्रीपर्यंत कळवा.