मोठ्या बोर्डांचा मोह आणि लहान मायक्रोकंट्रोलर

संपादक महोदय,

कुळागरातील (पोफळी-नारळाच्या बागेतील) पंपासाठी स्वयंचलित नियंत्रक बनवण्याचे प्रकल्प आपल्याकडील विद्यार्थी हौसेने करतात. मात्र टाकीची पातळी पाहून एक रिले (विजेने चालणारा स्विच) चालू-बंद करण्यासाठी वाय-फायसह मोठा बोर्ड बसवलेला पाहिला की खटकते. एवढ्या कामाला एक लहान मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक, पुरेसा असतो.

इंटेलच्या १९८० मधील ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला चाळीस पाय होते आणि रॅम (तात्पुरती मेमरी) अवघी १२८ बाइट. त्याच्या ८७५१ या भावंडातील प्रोग्राम पुसायचा तर आयसीवरील क्वार्ट्झची खिडकी अतिनील दिव्याखाली धरावी लागे. १९९३ च्या पिक १६सी८४ या मायक्रोकंट्रोलरमधील ईईप्रॉममुळे (विजेनेच पुसता येणाऱ्या मेमरीमुळे) ही कटकट मिटली, पुढे एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर मालिकेने फ्लॅश हा तशाच मेमरीचा प्रकार रुळवला. याच मालिकेतील आठ पायांच्या एटीटायनी८५ मध्ये ८ किलोबाइट फ्लॅश, एडीसी (व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारा भाग) आणि स्वतःचा ऑसिलेटर (चिपला ठोके देणारा भाग) सामावला. आता तर तेवढ्याच आकारात सीएच३२व्ही००३ हा रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेवरचा ३२ बिटांचा मायक्रोकंट्रोलर मिळतो. (अभ्यासक्रम मात्र अनेकदा ८०५१ पाशीच थांबतो.)

पावसाळ्यात आपल्याकडे वीज डळमळते तेव्हा एटीटायनी८५ सारख्या चिपमधील ब्राउन-आउट डिटेक्टर महत्त्वाचा ठरतो: व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की तो चिप रीसेट अवस्थेत धरून ठेवतो, आणि तो बंद असल्यास अर्धवट चाललेला प्रोग्राम ईईप्रॉममधील नोंदी बिघडवू शकतो. तयार बोर्ड जोडणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय आहे याचीही कल्पना नसते.

म्हणून प्रात्यक्षिकांत किमान एक प्रकल्प दोन किलोबाइट मेमरीच्या मर्यादेत, डेटाशीट (चिपचे अधिकृत माहितीपत्रक) वाचूनच करायला लावावा, अशी शिक्षणसंस्थांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा