पत्र्याआधी भिंत

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात मिरामारला तू काढतोयस त्या बारच्या जागेचा नकाशा मिळाला. बारमागची अख्खी भिंत धातूच्या पत्र्याने मढवायची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पण ऑर्डर देण्याआधी एवढं वाच. तू नक्षीचे नमुने धाडलेस. पत्र्यामागे काय बसणार, याचा नकाशात उल्लेखच नाही.

आधी उजेडाचं. तांबं तांबडा-पिवळा उजेड परत फेकतं आणि निळा बराचसा गिळतं. २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली ते पेटल्यासारखं दिसतं, पण डीजेचे निळे दिवे लागले की तीच भिंत काळपट होते. म्हणून नाचायच्या बाजूला स्टेनलेस घे, ते पडेल तो रंग उचलतं. तांबं बारमागेच ठेव. आणि तिथे मशीनवर छापलेला पत्रा नको, कसबा पेठेतल्या तांबट आळीचं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून खळगे पाडलेलं काम घे, हा माझा आग्रहच समज. पेशवाईपासूनची ती कारागिरी आहे. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, आणि भिंतीलगत वरून तिरका दिवा सोडला की एकेक खळगा वेगळा चमकतो. समोरून दिवा मारलास तर सगळं सपाट दिसेल, वर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तिरीप येईल.

खाऱ्या हवेत तांबं-पितळ काळवंडणार, हिरवे डाग धरणार. वरून लॅकरचा पारदर्शक थर मारला तरी ओरखडा जाईल तिथून डाग पसरतो. तेव्हा जिथे हात लागतील त्या काउंटरच्या कडांना सोनेरी पीव्हीडी लेपाचं, म्हणजे निर्वात पेटीत वाफेने पातळ थर चढवलेलं, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस लाव. ३०४ स्वस्त पडतं, पण ३१६ मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठापुढे जास्त टिकतं. तांब्याला लोखंडी स्क्रू लावू देऊ नकोस, दमट हवेत ते झपाट्याने गंजतील. पितळी लाव.

आवाजाचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी होतो, याचं मला फार वाईट वाटतं. सपाट पत्रा आवाज जसाच्या तसा परत फेकतो. मग माणसं ओरडून बोलू लागतात आणि गोंगाट आणखी चढतो. छताला जाळीचा पत्रा घे, भोकांचं क्षेत्र निदान २० टक्के, मागे काळ्या कापडात ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. आवाज भोकांतून आत जाऊन जिरतो. बास, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, एवढ्याने जिरत नाही, त्याला मागे खोल पोकळी लागते. फ्रेमवर रबराची पट्टीही टाक, नाहीतर पातळ पत्रा बासबरोबर झणझणत राहील.

रॉकवूलच म्हणतोय, कारण ते जळत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत १४ जीव गेले, हे कुठल्याही बारचं काम हाती घेताना मला आठवतं. पत्रा पेट घेत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. पण त्याच्या मागे फोम किंवा साधा प्लाय असेल, किंवा आत पॉलिथिलीन प्लास्टिक भरलेलं अॅल्युमिनियम पॅनल वापरलं असेल, तर आग आतल्या आत पसरते आणि कळेपर्यंत उशीर होतो. त्याऐवजी सांगाड्याला जस्त चढवलेले जीआय सेक्शन आणि मागे न जळणारा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, याचा खर्च जास्त आहे, तो कर. कमी पडलं तर पत्रा अर्ध्या भिंतीलाच लावू.

आणि ते मागचं दार. भिंत सलग दिसावी म्हणून तुझ्या आर्किटेक्टने ते त्याच नक्षीत मिसळून टाकलंय. हे मला अजिबात मान्य नाही. चकाकत्या भिंतीत, धूर झाल्यावर, पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते सापडणार नाही. दार वेगळ्या रंगाचं, बिनचमकीचं असू दे, वर पेटती पाटी. त्या पाटीचं प्रतिबिंब समोरच्या पत्र्यात पडत नाही ना, हे दिवे मालवून स्वतः उभा राहून बघ. पडलं तर गर्दी उलट दिशेने पळेल.

भिंतीला ओल आहे का, एसीचा डक्ट किती उंचीवर आहे आणि बासचा मोठा स्पीकर, सबवूफर, कुठे येणार, हे या आठवड्यात कळव. तोवर मी तांबट आळीत जाऊन मठारलेला एक तुकडा करून घेतो आणि तुझ्याकडे पाठवतो. दाराचा नवा नकाशा बघितल्याशिवाय मात्र आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अभय