‘नवा शोध’ मी बरीच वर्षे गिळतो आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील ‘जुन्या औषधांनी कावीळ ब कायमची बरी होणार’ हा लेख वाचला. लेखकाचा उत्साह स्तुत्य आहे. मात्र दुसऱ्या आजाराचे औषध कावीळ ब, म्हणजेच हेपॅटायटिस बी हा यकृताचा आजार घडवणाऱ्या विषाणूवर वापरणे ही काल सुचलेली कल्पना नव्हे. अमेरिकेत लॅमिव्ह्युडिन १९९५ मध्ये एचआयव्हीसाठी मान्य झाले आणि १९९८ मध्ये हेपॅटायटिस बीसाठी. टेनोफोव्हिरला हेच अंतर कापायला २००१ ते २००८ अशी सात वर्षे लागली. आणि एचआयव्हीसाठी लागणाऱ्या मोठ्या मात्रेत मूत्रपिंडांना न सोसवणारे ॲडेफोव्हिर २००२ मध्ये अवघ्या १० मिलिग्रॅमच्या मात्रेत यकृताच्या कामी आले. यांपैकी पहिल्या दोन गोळ्या मी स्वतः घेतल्या आहेत. चौथ्या वर्षी माझा विषाणू लॅमिव्ह्युडिनला दाद देईनासा झाला, तेव्हापासून टेनोफोव्हिर चालू आहे.

पण पत्र लिहिण्याचे कारण हे नाही. ‘एड्सचे औषध’ हे शब्द आपण चौकटीत, ठळक टाइपात छापले आहेत. हेच शब्द मी एकदा औषधांच्या दुकानात ऐकले. माझी चिठ्ठी पाहून तेथील गृहस्थांनी ते सहकाऱ्याच्या कानात सांगितले. आवाज खाली आणून, पण माझ्यामागे उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला ऐकू जाईल इतपतच खाली. घरी पोहोचेपर्यंत गोळ्या बंद करायच्या हे माझे ठरले होते. तो मूर्खपणा होता, हे मान्य. ही औषधे विषाणूला स्वतःच्या प्रती काढू देत नाहीत, एवढेच. पेशीच्या केंद्रकात त्याने दडवलेल्या वर्तुळाकार डीएनएला ती हात लावत नाहीत, त्यामुळे गोळी थांबली की प्रती काढण्याचा तो साचा पुन्हा कामाला लागतो. तीन महिन्यांत माझे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) ६०० च्या वर गेले आणि मला इस्पितळात दाखल व्हावे लागले. ‘कायमची बरी’ हे वाचून आज सकाळी किती जणांनी गोळी वगळली असेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने केलाच असेल, असे मानण्याइतका सभ्यपणा मी अजून राखून आहे.

परजीवींवरील निटाझॉक्सानाइड या औषधाने प्रयोगशाळेतील यकृतपेशींमध्ये या साच्याचे काम मंदावल्याचे दिसले, ही गोष्ट खरी आणि आशा वाटावी अशीच आहे. परंतु काचेच्या तबकडीतून मथळ्यापर्यंतचा प्रवास आपण एका रात्रीत उरकलात.

शिवाय, कावीळ हे लक्षण आहे. इस्पितळातील त्या दिवसांतही माझे डोळे पिवळे झाले नव्हते, तेव्हा या आजाराला सरसकट ‘कावीळ’ म्हणणे थांबवावे, ही विनंती. आणि लेखासोबत छापलेले चित्र यकृताचे नसून जठराचे आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार